तुमचं लेकरू कोण सांभाळायलंय?

(आकाशवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)

मी भोकरची. मुदखेडहून किनवट-आदिलाबादकडे जाणाऱ्या रेल्वेनं कधी प्रवास केला असेल, तर आमचं स्टेशन तुम्ही पाहिलं असेल. सोयाबीन आणि कापसाचा हा तालुका. याच गावात सात वर्षं घरी राहून मी माझी दोन मुलं वाढवली आणि याच तालुक्यातल्या एका खेड्यातल्या शाळेत पुन्हा खडू हातात घेतला. घरी राहणं, कामावर परतणं आणि या दोन्हींमध्ये आपल्या लेकरांना सांभाळून घेणारे शिक्षक, याविषयी आज चार गोष्टी सांगायच्या आहेत. यातल्या काही गोष्टी मला उशिरा कळल्या. एक तर चूक करूनच कळली.

डी.एड. झाल्यावर मी दोन वर्षं शिकवत होते. २००४ मध्ये मुलगा झाला आणि नोकरी सोडली. कुणी सोडायला लावली नाही. सासूबाई नव्हत्या, माहेर लांब, मिस्टरांचं कापडाचं दुकान. दुसरा मार्ग दिसला नाही, आणि खरं सांगायचं तर मला घरी राहावंसंही वाटत होतं. २००८ मध्ये मुलगी झाली. त्या सात वर्षांबद्दल मला आजही पश्चात्ताप नाही. मुलाचं पहिलं पाऊल, मुलीचा पहिला शब्द, गोवराच्या तापातल्या रात्री, हे सगळं मी जवळून पाहिलं.

पण एक गोष्ट टोचायची. लग्नाकार्यात कुणी विचारलं, "आपण काय करता?" की माझ्या तोंडून आपोआप निघायचं, "काही नाही, घरीच असते." पहाटे पाचला उठून रात्री अकराला पाठ टेकणारी बाई म्हणायची, "काही नाही." केंद्र सरकारनं २०१९ मध्ये लोकांच्या वेळेची देशभर पाहणी केली होती. घरकाम करणाऱ्या बायका त्यावर दिवसाला सरासरी २९९ मिनिटं घालवतात आणि घरकामाला हात लावणारे पुरुष ९७ मिनिटं, असं त्यात दिसलं. म्हणजे बाईचे जवळजवळ पाच तास. मुलांचं आणि म्हाताऱ्यांचं करणं त्यात धरलेलं नाही, ते आणखी वेगळं. या कामाला पगार नाही, म्हणून ते काम नाही, असं आपण समजत आलो. आणि गंमत म्हणजे, करणारीही तसंच समजते.

२०११ च्या जूनमध्ये मी पुन्हा कामावर जायचं ठरवलं. मुलगा दुसरीत गेला होता, मुलगी तीन वर्षांची झाली होती. दुकानावर कर्ज होतं, हे एक कारण. दुसरं कारण सांगायला मला तेव्हा लाज वाटायची, आता वाटत नाही. मला शिकवायला आवडतं.

घरातून निघताना पहिल्या दिवशी शेजारच्या काकू फाटकाशी उभ्या होत्या. म्हणाल्या, "लेकरू रडायलं अन् तू निघालीस?" मी काही बोलले नाही. काळी-पिवळीत बसले आणि गावाबाहेर पडेपर्यंत मान वर केली नाही. शाळेत गेले तर तिथलं सगळं बदललेलं. मी होते तेव्हा चाचणी, सहामाही, वार्षिक असा सरळ हिशेब होता. मी घरी असताना शिक्षण हक्क कायदा आला, तो १ एप्रिल २०१० पासून लागू झाला, आणि त्याच वर्षी आपल्या राज्यात सातत्यपूर्ण सर्वंकष मूल्यमापन सुरू झालं. प्रत्येक मुलाच्या वर्णनात्मक नोंदी ठेवायच्या. कुणाला काय आवडतं, कोण कुठं अडतं, कोण कुणाशी कसं वागतं. माझ्याहून दहा वर्षांनी लहान असलेल्या सहकारी बाईंनी मला ते शिकवलं. शिकता शिकता मनात आलं, अगं, या नोंदी तर आपण सात वर्षं घरी ठेवतच होतो, फक्त वहीत लिहीत नव्हतो. त्या दिवशी हात थरथरायचा थांबला. घरी काढलेली वर्षं वाया जात नाहीत, हे कामावर परतणाऱ्या प्रत्येक बहिणीला मला आवर्जून सांगायचं आहे.

आता मुलांचं काय झालं ते सांगते. मुलगी अंगणवाडीत जाऊ लागली. अंगणवाडी दुपारी सुटायची आणि मी घरी पोचायची सहाला. मधल्या वेळेचं काय, यावर घरात पुष्कळ बोलणी झाली. शेवटी मिस्टर म्हणाले, "मी आणतो तिला दुकानात." दुकानातल्या गादीवर, कापडाच्या ताग्यांच्या आड ती झोपायची. गिऱ्हाइकं हसायची. "शेठ, आज लेकरू सांभाळायची पाळी तुमची का?" असं विचारायची. पहिले काही दिवस त्यांना अवघड गेलं. मग तेच सांगू लागले, "पाळी कसली, रोजचंच आहे." लेकीची वेणी घालायला ते त्या गादीवरच शिकले.

मुलाचं मात्र मला कळलं नाही. तो तोंडानं काही बोलायचा नाही. वेळेवर शाळेत जायचा, यायचा, जेवायचा. मला वाटलं, शहाणा आहे, समजून घेतोय. जुलैच्या शेवटी त्याचे वर्गशिक्षक बाजारात भेटले. आम्ही सगळे त्यांना गुरुजीच म्हणायचो. त्यांनी विचारलं, "ताई, गावाहून कधी आलात?"

मी म्हटलं, "मी कुठं गेले होते गुरुजी?"

ते जरा थांबले. म्हणाले, "तुमचा मुलगा महिनाभर सांगतोय, आई गावाला गेलीय. गृहपाठ राहिला की म्हणतो, आई गावाला गेलीय. वर्गातल्या पोरांनाही तेच सांगतो."

भाजीची पिशवी हातात धरून मी तशीच उभी राहिले. गुरुजी रागावले नाहीत, की उपदेशही केला नाही. एवढंच म्हणाले, "त्याला खोटं बोलायचं नाहीये ताई. तुम्ही दिवसभर कुठं असता हे त्याला दिसत नाही. दिसत नाही म्हणजे गावाला गेली. एकदा त्याला घेऊन जा की तुमच्या शाळेत. शनिवारी सकाळची शाळा असते, आमची लवकर सुटते. नाहीतर एक दिवस मी रजा देतो त्याला."

पुढच्या शनिवारी मी मुलाला सोबत नेलं. तो शेवटच्या ओळीत बसला. मी पाढे घेतले, गोष्ट सांगितली, एकीचं नाक पुसलं, दोघांचं भांडण सोडवलं. परत येताना काळी-पिवळीत त्यानं विचारलं, "ती सगळी तुला बाई म्हणतात?" मी म्हटलं, "हो." थोड्या वेळानं म्हणाला, "आमचे गुरुजी पण घरी गेल्यावर कुणाचे तरी बाबा असतील." सोमवारपासून आई गावाहून परत आली.

सात वर्षं चोवीस तास सोबत राहूनही जे मला दिसलं नाही, ते चाळीस मुलांमधून गुरुजींना दिसलं. याचा अर्थ ते माझ्यापेक्षा जास्त माया करत होते, असा नाही. त्यांची जागा वेगळी होती. घरात मूल आपल्याला जे दाखवतं ते एक, आणि चारचौघांत ते जसं वागतं ते दुसरं. दुसरं पाहणारा माणूस म्हणजे शिक्षक. त्यानं आई व्हावं अशी अपेक्षा कशाला करायची? त्याला जे दिसतं ते त्यानं आपल्याला सांगावं आणि आपण ते ऐकून घ्यावं, एवढं झालं तरी मुलाचं निम्मं काम होतं. शिक्षण हक्क कायद्यातही शिक्षकाच्या कर्तव्यांत पालकांना नियमित भेटणं, मुलाची हजेरी आणि प्रगती त्यांना सांगणं हे स्पष्ट लिहिलेलं आहे. आपण मात्र पालकसभा ठेवतो भर दुपारी, आणि मग म्हणतो की पालक येत नाहीत.

आता माझी चूक सांगते.

दुसऱ्या वर्षीची, म्हणजे २०१२ ची दिवाळी झाली आणि कापूस वेचणी सुरू झाली. आमच्याकडं त्या दिवसांत सगळं गाव रानात असतं. वेचणीची मजुरी किलोवर मिळते. जितका कापूस वेचाल तितके पैसे, त्यामुळं घरातल्या बाईला एक दिवसही बसून चालत नाही. माझ्या चौथीच्या वर्गात एक मुलगी होती, नऊ वर्षांची. वाचायला फार चांगली. ती दीड वर्षाच्या भावाला काखेत घेऊन शाळेत येऊ लागली. तो रडायचा, पाटी ओढायचा, वर्गातच घाण करायचा. तीन-चार दिवस मी सहन केलं. मग म्हटलं, "उद्यापासून याला आणायचं नाही."

तिनं माझं ऐकलं. दुसऱ्या दिवसापासून ती भावाला घेऊन आली नाही, आणि स्वतःही आली नाही.

आणि मला ते कळायला आठ दिवस लागले. वर्ग शांत झाला होता ना! हजेरीपटावर तिच्या नावापुढची ओळ पाहिली तेव्हा पोटात कालवलं. शाळा सुटल्यावर तिच्या घरी गेले तर कुलूप. शेजारणीनं सांगितलं, सगळी रानात आहेत. मी चालत गेले. बांधावरच्या बाभळीला लुगड्याची झोळी बांधलेली, तिच्यात भाऊ झोपलेला आणि ही झोळीची दोरी हातात धरून बसलेली. मांडीवर मराठीचं पुस्तक होतं.

तिची आई कापसाची ओटी सोडत माझ्याजवळ आली. मी शाळेचं महत्त्व सांगू लागले. त्या बाईनं सगळं ऐकून घेतलं. मग विचारलं, "बाई, तुमचं लेकरू कोण सांभाळायलंय?"

त्यात टोमणा नव्हता. तिला खरोखरच जाणून घ्यायचं होतं. एखादा उपाय माझ्याजवळ असेल, तर तिलाही हवा होता.

मी काय सांगणार? माझी मुलगी अंगणवाडीत होती, नंतर बापाच्या दुकानात गादीवर. मुलाकडं त्याच्या गुरुजींचं लक्ष होतं. मी माझी लेकरं दुसऱ्यांच्या भरवशावर सोडून तिची लेक शिकवायला आले होते, आणि तिच्याच लेकीला वर्गाबाहेर काढून बसले होते. काकूंनी फाटकाशी मला जे म्हटलं, त्याच्याहून वाईट मी त्या पोरीशी वागले होते.

त्या बांधावर मला एक गोष्ट उमगली. आईनं घरी राहावं की नोकरी करावी, याची चर्चा आपण मासिकांत, भिशीत, लग्नघरी करतो. ती चर्चा ज्यांच्यापुढं निवड आहे त्यांची. कापूस वेचणाऱ्या, मातीकामाला जाणाऱ्या, ऊसतोडीला जाणाऱ्या बाईपुढं ही निवड कधीच नव्हती. तिच्या घरातही लेकरू सांभाळायला कुणीतरी घरी राहतंच. पण ती आई नसते. ती आठ-नऊ वर्षांची बहीण असते. तिनं सोडलेल्या नोकरीची नोंद कुठं होत नाही, कारण तिनं सोडलेली असते शाळा.

ही गोष्ट मला उमगली त्याच्या कितीतरी आधी महाराष्ट्रात दोन बायकांनी ओळखली होती. ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ. १९४५ मध्ये त्यांनी बोर्डीला ग्राम बालशिक्षा केंद्र सुरू केलं आणि पुढं डहाणू तालुक्यातल्या कोसबाडच्या टेकडीवर आदिवासी मुलांमध्ये काम केलं. बालवाडीत मुलं येत नाहीत हे दिसल्यावर त्यांनी मुलांना दोष दिला नाही. बालवाडीच उचलून वस्तीतल्या अंगणात नेली. म्हणून ती अंगणवाडी. गुरं राखणारी मुलं शाळेत येऊ शकत नाहीत, तर गुरं चरतात तिथं शाळा, ती कुरणशाळा. आणि धाकट्या भावंडांमुळं थोरली अडतात, तर पाळणाघर, बालवाडी आणि प्राथमिक शाळा एकाच जागी, ती विकासवाडी. थोरली वर्गात, मधलं बालवाडीत, तान्हं पाळण्यात. अनुताई बालविधवा होत्या, त्यांना स्वतःचं मूल नव्हतं. पण नऊ वर्षांच्या बहिणीच्या काखेतलं मूल त्यांना दिसलं होतं. डी.एड.ला मी या दोघींवर टिपण लिहून मार्क मिळवले होते. बाभळीखाली उभी राहीपर्यंत ते टिपणच राहिलं होतं.

पुढं २ ऑक्टोबर १९७५ रोजी देशात ३३ ठिकाणी एकात्मिक बालविकास योजना सुरू झाली आणि अंगणवाडी हा शब्द देशभर गेला. अंगणवाडीनं आपल्या खेड्यापाड्यांत फार मोठं काम केलं आहे. पण शब्द गेला तसा पाळणा सगळीकडं गेला नाही. अंगणवाडीत बसवतात ते तीन ते सहा वर्षांच्या मुलांना, आणि तेही काही तासच. तीन वर्षांखालच्या मुलाला घरपोच आहार मिळतो, लस मिळते, पण दिवसभर ठेवायला जागा मिळत नाही. रोजगार हमीच्या कामावर सहा वर्षांखालची पाच किंवा जास्त मुलं असतील तर त्यांना सांभाळायला एका बाईला नेमून तिला मजुरी द्यायची, अशी तरतूद मनरेगाच्या कायद्यात केली होती. पण कापूस वेचणी खाजगी रानात चालते, तिथं ती कशी पोचणार? नोकरदार बाईसाठी बाळंतपणाची रजा २०१७ मध्ये १२ आठवड्यांवरून २६ आठवड्यांवर गेली. राज्य सरकारी कर्मचारी बायकांना २०१८ पासून १८० दिवसांची बालसंगोपन रजा आहे. चांगल्याच गोष्टी आहेत या. पण रजा मिळते ती हजेरीपटावर नाव असणाऱ्याला. ओटीत कापूस भरणारीचं नाव कुठल्या पटावर असतं? २०२२ पासून केंद्र सरकारच्या पाळणा योजनेत अंगणवाडीलाच पाळणाघर जोडायचं ठरलं आहे. म्हणजे कोसबाडची विकासवाडी वेगळ्या नावानं पुन्हा येते आहे. ती आपल्या गावात यावी म्हणून ग्रामसभेत मागणी करणं, हे पालकांचं आणि शिक्षकांचं, दोघांचंही काम आहे.

तर त्या मुलीचं पुढं काय झालं? काही फार मोठं घडलं नाही. मी मुख्याध्यापकांना सगळं सांगितलं, माझी चूकही सांगितली. त्यांनी वर्गाच्या कोपऱ्यात एक गोधडी टाकायला परवानगी दिली. गावातल्या अंगणवाडीची मदतनीस म्हणाली, "नियमात बसत नाही बाई, पण दोन तास बसवून घेते माझ्याजवळ." एका मुलाची आजी दुपारी ओसरीवर त्याला झोपवू लागली. असं जोडून जोडून जानेवारीपर्यंत निभावलं. वेचणी संपली, आई घरी आली. मुलगी चौथी पास झाली. पुढं शेजारच्या मोठ्या गावी हायस्कूलला एसटीनं जायची. मुलींना प्रवास मोफत असतो, तो पास होता म्हणून बापानं अडवलं नाही. दहावीपर्यंत शिकली. आणि तो काखेतला भाऊ पहिलीत आला तेव्हा माझ्याच वर्गात होता. त्याला वर्गात घाण करण्याची आठवण करून दिली की तो लाजायचा.

मात्र एक मनाला लागून राहिलं आहे. ती पोर वाचायला चांगली होती म्हणून तिची गैरहजेरी माझ्या डोळ्यांत भरली. जी गप्प बसायची, मागं पडायची, तिची ओळ मी किती दिवसांनी पाहिली असती?

आज माझा मुलगा नांदेडला शिकतो, मुलगीही मोठी झाली. आता कुणी विचारलं, तुझी लेकरं कुणी वाढवली, तर उत्तर माझ्याजवळ तयार आहे. सात वर्षं मी वाढवली. नंतर त्यांच्या बापानं कापडाच्या गादीवर वाढवली. अंगणवाडीच्या बाईंनी आणि मदतनिशीनं वाढवली. बाजारात थांबून एक प्रश्न विचारणाऱ्या गुरुजींनी वाढवली. फाटकाशी उभ्या राहून बोलणाऱ्या काकूंनीसुद्धा वाढवली, कारण मला उशीर झाला की त्याच माझ्या मुलाला चहा-बिस्किट द्यायच्या. एकट्या आईनं मूल वाढवलं, असं मी तरी अजून कुठं पाहिलेलं नाही. आपण फक्त बाकीच्यांची नावं घ्यायला विसरतो, आणि मग सगळा दोष तेवढा एकटीच्या पदरात पडतो.

म्हणून कामावर परतणाऱ्या बहिणींना सांगते, निघताना मन खाईल, खाऊ द्या. पण तुम्ही कुठं जाता, काय करता, कधी येता हे लेकराला डोळ्यांनी दाखवा. वडिलांना सांगते, तुम्ही मदत करत नाही आहात, तुमचंच मूल सांभाळता आहात. आणि माझ्या शिक्षक बंधुभगिनींना हात जोडून सांगते, वर्ग अचानक शांत झाला तर समाधान मानू नका. हजेरीपट उघडा. कुणाची तरी बहीण रानात झोळी हलवत बसली असेल.